सातजणांचा खेळ, बाराजणांची यादी : चोपडा तालुक्यातील एका शालेय रग्बी संघाचे प्रकरण

२०२२ च्या ऑगस्टमध्ये १७ वर्षांखालील मुलांच्या रग्बी संघाची यादी भरायला बसलो, तेव्हा बारा नावे हवी होती आणि पक्की अशी नऊच होती. उरलेली तीन मी आठवीतून घेतली. त्या तीन नावांपायी पुढे जे घडले ते इथे सविस्तर लिहितो आहे. खान्देशातल्या बऱ्याच शाळांचा संघ असाच उभा राहतो, आणि हरल्यावर आम्ही सगळे क्रीडाशिक्षक एकच तक्रार करतो : समोरची पोरे वयाने मोठी होती. तक्रार पुष्कळदा खरी असते. पण आपला राखीव बाक कसा होता, हे त्या तक्रारीत कधी येत नाही.

आमची शाळा सातपुड्याच्या पायथ्याशी आहे आणि वर्ग दहावीपर्यंतच आहेत. निम्मी मुले आसपासच्या गावांतली, घरी अहिराणी बोलणारी. बाकीची वरच्या पाड्यांवरून आलेली पावरा मुले, वसतिगृहात राहणारी. कबड्डी सगळ्यांना येते. त्यामुळे टॅकल शिकवताना ‘पकड’ एवढा एक शब्द पुरला. खांद्याच्या वर हात जाता कामा नये, कमरेला किंवा मांडीला धरायचे आणि पाडले की लगेच सोडायचे, एवढे घोकून घ्यावे लागले. चेंडू हाताने पुढे द्यायचा नाही, मागेच द्यायचा, हे अंगवळणी पडायला मात्र महिना गेला. भुवनेश्वरच्या कलिंग इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमधल्या आदिवासी मुलांनी २००७ साली लंडनला जाऊन १४ वर्षांखालील शालेय रग्बी स्पर्धा जिंकली होती. ही हकिकत मी पहिल्याच दिवशी सांगितली, आणि पावरा मुले त्या दिवसापासून मैदानावर वेळेआधी येऊ लागली.

शालेय स्पर्धेत रग्बी सातजणांची असते. मैदान मात्र पंधराजणांच्या खेळाएवढेच, म्हणजे शंभर मीटर लांब. सात मिनिटांचे दोन अर्ध, मध्ये दोन मिनिटांची विश्रांती. ऐकायला चौदा मिनिटे फार वाटत नाहीत. पण एवढ्या मोठ्या मैदानावर सातच जण असल्यामुळे प्रत्येकाला सतत पळावे लागते, आणि स्पर्धा एकाच दिवसात उरकायची असल्याने असे दोन-तीन सामने लागोपाठ होतात. बाराजणांच्या यादीत पाच राखीव ठेवले आहेत ते यासाठीच. पंधराजणांच्या रग्बीत तर ही गरज नियमातच लिहिलेली आहे : स्क्रममध्ये दोन्ही संघ वाकून, खांदे भिडवून चेंडूसाठी एकमेकांना रेटतात; त्याच्या पुढच्या फळीत उभे राहायला शिकलेले खेळाडू उरले नाहीत, तर पंच जोर न लावता स्क्रम घ्यायला लावतात, कारण न शिकलेल्या मुलाची मान तिथे मोडू शकते. राखीव खेळाडू हा सुरक्षेचा भाग आहे, हे या खेळाने फार आधी ओळखले आहे. मी ते ओळखले नव्हते.

यादी नऊवर का अडली

पहिले कारण कोरोना. दोन वर्षे शालेय स्पर्धा झाल्याच नाहीत, त्यामुळे २०२२ मध्ये दहावीत असलेली मुले १४ वर्षांखालील गटात खेळलीच नव्हती. त्यांच्या मागची नववीही तशीच कोरी.

दुसरे कारण कापूस. सप्टेंबर उलटला की वेचणी सुरू होते आणि घरातला पंधरा वर्षांचा मुलगा म्हणजे एक पूर्ण मजूर असतो. दोन बापांनी मला तोंडावर सांगितले, “सर, पोरगा तुमचाच, पण वेचणीच्या दिवसांत आमचा.” त्यांना दोष देण्यासारखे त्यात काहीच नव्हते.

तिसरे कारण आमच्या शाळेचे. १७ वर्षांखालील गटाची अट जन्मतारखेवर असते. २०२२ साठी १ जानेवारी २००६ किंवा त्यानंतरचा जन्म हवा होता. म्हणजे अकरावीतली बरीच मुले या गटात बसतात. ज्या शाळेला कनिष्ठ महाविद्यालय जोडलेले आहे, तिला ती मिळतात. आम्हाला मिळत नाहीत. दहावी संपली की आमचा तयार झालेला खेळाडू निघून जातो आणि पुढच्या वर्षी तोच दुसऱ्याच्या जर्सीत समोर उभा राहतो. यात बेकायदा काही नाही. पण गटाचे नाव एक असले तरी आमचा सर्वांत मोठा मुलगा आणि त्यांचा सर्वांत मोठा मुलगा यांच्यात एका इयत्तेचे अंतर आधीपासूनच असते.

अशा वेळी मी केले ते बहुतेक जण करतात. वयोमर्यादेच्या जास्तीत जास्त जवळ असलेली सात मुले निवडली, त्यांनाच घडवले आणि उरलेल्या नावांनी यादी भरली. वयाची मर्यादा मुलांच्या रक्षणासाठी घातलेली असते. आम्ही प्रशिक्षक मात्र सतरा म्हणजे सतराला टेकलेला मुलगा शोधायला निघतो.

जळगावचा दिवस

ऑक्टोबरची सुरुवात, ऊन चढलेले, काळ्या मातीचे मैदान वाळून टणक झालेले. पहाटेच्या एसटीने गेलो. सोबत कळण्याच्या भाकरी, ठेचा आणि केळीचे दोन घड.

पहिला सामना आम्ही २६–५ असा जिंकला. चौथा ट्राय झाला, म्हणजे चौथ्यांदा चेंडू त्यांच्या रेषेपलीकडे नेऊन टेकवला, तेव्हा तीन मिनिटे उरली होती आणि निकाल ठरून गेला होता. बाकावरच्या पाचही मुलांना तेव्हा उतरवायला हवे होते. मी एकालाही उतरवले नाही. लय बिघडेल, अशी भीती वाटली. दुसरा सामना १९–१२. तोही त्याच सातजणांनी शेवटपर्यंत खेळला.

अंतिम सामन्यात मध्यंतराला आम्ही १०–५ असे पुढे होतो. उत्तरार्धाच्या पहिल्याच मिनिटात आमचे पाय थांबले. थकलेल्या मुलाचा टॅकल कमरेवरून वर सरकतो, हे मी तेव्हा प्रथम नीट पाहिले. वाकायला मांड्यांत जोर राहत नाही, म्हणून तो उभ्यानेच धरतो आणि हात गळ्यापाशी जातो. आमच्या तीन नंबरला त्यावरूनच पिवळे कार्ड मिळाले. सातजणांच्या खेळात ते दोन मिनिटांचे असते, आणि सात मिनिटांच्या अर्धात दोन मिनिटे सहाजणांनी खेळणे म्हणजे एक ट्राय हातात देणे. तो झालाच. मग चार नंबरच्या पोटरीत गोळा आला आणि तो खाली बसला.

नववीतले दोन राखीव होते, पण एक तापातून उठलेला आणि दुसऱ्याने स्क्रममध्ये कधी डोके घातलेले नाही. मी अकरा नंबरला उठवले. आठवीतला मुलगा, तेरा वर्षांचा, छत्तीस किलोचा, पळण्यात वाऱ्यासारखा. त्याने दिवसभरात चेंडूला हात लावला नव्हता. मैदानात जाऊन मिनिटही झाले नसेल, समोरून त्यांचा सर्वांत मजबूत मुलगा चेंडू घेऊन आला. वजन जवळजवळ दुप्पट. अकरा नंबर हटला नाही. शिकवल्याप्रमाणे खाली वाकला, पण डोके त्या मुलाच्या पुढच्या बाजूला गेले आणि गुडघा कानशिलावर बसला.

तो उठला, दोन पावले चालला आणि आमच्या बाकाऐवजी त्यांच्या बाकाकडे निघाला. मी धावलो तर म्हणाला, “सर, माले काहीच नही व्हयनं.” पंचांनी माझ्याआधीच हात करून त्याला बाहेर काढले होते. डोक्याला हादरा बसल्याची नुसती शंका आली तरी मुलाला बाहेर काढायचे आणि त्या दिवशी पुन्हा उतरवायचे नाही, असा रग्बीचा नियम आहे, आणि त्या पंचांनी तो विनासंकोच पाळला. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. दवाखान्यात दाखवले, गंभीर काही निघाले नाही. पुढचे तीन आठवडे त्याला मी मैदानाच्या कडेलाच बसवले.

सामना १०–२४ असा गेला.

जनरल रजिस्टर

परतीच्या गाडीत मुले एकच बोलत होती : त्यांच्यात मिशीवाले होते. मीही मनातून हरकत घ्यायची तयारी करत होतो. दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो आणि आधी आपल्याच घरात पाहावे म्हणून जनरल रजिस्टर उघडले. आमच्या बारापैकी पाच मुलांची जन्मतारीख १ जून होती.

ग्रामीण महाराष्ट्रात शिकवणाऱ्या कुणालाही याचा अर्थ सांगायला नको. दाखला नसलेले मूल जूनमध्ये पहिलीला आले, की गुरुजी अंदाजाने सहा वर्षे मोजून १ जून टाकत. हेतू वाईट नव्हता. मूल शाळेत बसावे एवढाच होता. पण त्या अंदाजावर पुढे आधार निघाले, बोनाफाईड निघाले आणि क्रीडा स्पर्धेची ओळखपत्रे निघाली. माझ्या संघाचे खरे वय मलाच ठाऊक नव्हते. मी हरकत घेतली नाही.

जन्मतारीख अगदी खरी असली तरी प्रश्न संपत नाही. मुलांची उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती साधारण चौदाच्या आसपास, पण कुणाची ही वाढ बारालाच सुरू होते, कुणाची सोळापर्यंत रेंगाळते. उंचीच्या पाठोपाठ काही महिन्यांनी वजन आणि ताकद येते. म्हणून एकाच महिन्यात जन्मलेल्या दोन मुलांच्या शरीरात दोन-तीन वर्षांचे अंतर दिसू शकते, आणि ते सर्वांत जास्त दिसते ते नेमके आपल्या आठवी-नववीत. जन्ममहिन्याचाही परिणाम होतोच. कॅनडातल्या आइस हॉकीच्या खेळाडूंचा १९८५ मध्ये अभ्यास झाला, त्यात वरच्या पातळीवर जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेल्यांचा भरणा आढळला. तिथली गटाची तारीखही १ जानेवारीच होती. लहानपणी दहा महिन्यांनी मोठा असलेला मुलगा जोरकस दिसतो, म्हणून निवडला जातो, म्हणून जास्त खेळतो, म्हणून खरोखर चांगला होतो. डिसेंबरमध्ये जन्मलेला बाकावरच राहतो.

यावर वेगवेगळे उपाय झाले आहेत. आपले क्रिकेट मंडळ १६ वर्षांखालील मुलांच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचे वय ठरवते. न्यूझीलंडमध्ये वजनाप्रमाणे गट पाडून रग्बी खेळवतात. इंग्लंडच्या फुटबॉल अकादमींनी मुलाची आजची उंची त्याच्या अपेक्षित पूर्ण उंचीच्या किती टक्के आहे हे काढून ८५ ते ९० टक्क्यांमधल्या मुलांचे आपसात सामने भरवून पाहिले. आपल्याकडे कबड्डीने हे केव्हाच मान्य केलेले आहे. कुमार गटात वयाच्या दाखल्याबरोबर वजनकाटाही असतो. रग्बीत अंगावर आदळणे कबड्डीहून जास्त, आणि आमच्या जिल्हास्तरावर काटा मात्र नाही. तो असायला हवा असे माझे ठाम मत आहे. पण नियम बदलेपर्यंत मुलांना मैदानात उतरवणारा माणूस मीच आहे.

आणि अकरा नंबरला मार बसला तो फक्त समोरचा मोठा होता म्हणून नाही. पहिल्या दोन सामन्यांत मी बाक वापरला असता, तर तीन नंबर इतका थकला नसता, चार नंबरच्या पोटरीत गोळा आला नसता आणि त्या मुलाला त्या क्षणी तिथे जावेच लागले नसते. अकरावीची पोरे असलेला संघही अंतिम सामन्यापर्यंत दमलेलाच होता. फरक एवढाच की त्यांचा नववा-दहावा खेळाडू खेळून आलेला होता. वयाचे अंतर सकाळी दहा वाजताही तेवढेच होते आणि आम्ही ते निभावले. दुपारी दोनला ते आम्हाला जड गेले.

बाक भरायला घेतला

२०२३ च्या जूनमध्ये सहावीपासून वरच्या सगळ्या इच्छुक मुलांची उंची-वजने घेतली आणि दर तीन महिन्यांनी घेत राहिलो. भिंतीवरची पट्टी आणि आरोग्य उपकेंद्रातून मागून आणलेला काटा, एवढ्यावर काम झाले. कोण झपाट्याने वाढतो आहे ते लगेच कळते, आणि अशा मुलाचे गुडघे-टाचा दुखतात म्हणून त्याचा सराव कमी करता येतो. टॅकलच्या जोड्या इयत्तेप्रमाणे न लावता वजनाप्रमाणे लावल्या. दहावीचा एक किडकिडीत मुलगा सातवीतल्या थोराड मुलासमोर आला तेव्हा पहिले दोन दिवस लाजला. नंतर त्याच्याच टॅकलमध्ये सर्वांत जास्त सुधारणा दिसली.

आठवीच्या मुलांना १४ वर्षांखालील गटात वेगळा संघ म्हणून उतरवले. माझ्या दृष्टीने हा सगळ्यात मोठा बदल. १७ च्या बाकावर बसून ती मुले काहीच शिकत नव्हती; १४ च्या गटात तीच मुले मुख्य सात झाली. स्क्रमच्या तीन जागांसाठी सहा मुले तयार केली. इंग्लंडच्या रग्बी संघटनेचा शालेय वयासाठी नियम आहे की यादीतल्या प्रत्येक मुलाला निदान अर्धा वेळ खेळायला मिळालेच पाहिजे. सरावाच्या आणि मैत्रीपूर्ण सामन्यांत मी तो जसाच्या तसा उचलला.

याची किंमतही मोजली. दहावीतल्या आमच्या सर्वांत वेगवान मुलाला एका सामन्यात अर्धा वेळ बसवले म्हणून त्याचे वडील शाळेत आले. दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात आणि ते संघाच्या निकालावर अवलंबून असतात. मुलगा बसला, संघ हरला आणि गुण गेले तर काय, असे त्यांनी विचारले. त्यांचा प्रश्न रास्त होता. मी त्यांना अकरा नंबरची गोष्ट सांगितली. पटली असे वाटले नाही, पण मुलाला त्यांनी काढून नेले नाही.

त्या वर्षी जिल्ह्याचा अंतिम सामना आम्ही १२–१४ असा हरलो. ट्राय दोघांचे दोन-दोन. आमची एक कन्व्हर्जन किक, म्हणजे ट्रायनंतर जादा गुणांसाठी मारायची किक, खांबाला लागून बाहेर गेली. बाराच्या बारा मुले त्या दिवशी खेळली होती आणि शेवटच्या मिनिटातही आमचा टॅकल कमरेलाच होता. हरूनही इतके समाधान मला आधी कधी झाले नव्हते. १४ चा संघ दुसऱ्या फेरीत बाद झाला.

दिवाळीनंतर

२०२४ मध्ये जिल्हा जिंकलो, १९–१४. आता दहावीत आलेल्या अकरा नंबरने दोन ट्राय केले. अकरावीची मुले समोर होतीच. तीन-चारजण आमच्याहून सरळ सरळ मोठे दिसत होते. पण उत्तरार्धात मी चार मुले बदलली आणि वेग उतरला नाही.

विभागाची स्पर्धा दिवाळीनंतर होती. नाशिक विभागात आमच्याबरोबर धुळे, नंदुरबार, नाशिक इथले संघ येतात. दिवाळीच्या पाडव्यानंतर वरच्या पाड्यांवरून ट्रक भरून माणसे ऊसतोडीला गुजरातकडे निघाली आणि आमच्या बारापैकी चार मुले त्यांत गेली. त्यातले दोन स्क्रमचे. हंगामी वसतिगृहाची सोय प्रामुख्याने आठवीपर्यंतच्या मुलांसाठी आहे. ही चौघे नववी-दहावीची. मी पाड्यावर गेलो होतो. एका आईने मला घरात बसवून पाणी दिले आणि उचल घेतल्याचा हिशेब सांगितला. त्यावर बोलण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते.

आठजण घेऊन गेलो आणि पहिलाच सामना ०–३१ असा हरलो. दोन वर्षे राबून भरलेला बाक एका आठवड्यात रिकामा झाला होता. त्या सामन्यात मुद्दाम मी दोन वेळा खेळ थांबवायला लावला, कारण तीन नंबरच्या जागी उभा असलेला मुलगा उभ्याने धरायला लागला होता आणि ती खूण मला आता ओळखता येते. कुणालाही मार लागला नाही. यंदा विभागाच्या तारखेआधी महिनाभर पालकांची बैठक घेऊन, दहावीपर्यंतच्या मुलांना शाळेच्या वसतिगृहात ठेवून घेण्याचा प्रस्ताव मुख्याध्यापकांनी संस्थेपुढे मांडला आहे.

त्याच हंगामातली एक गोष्ट राहिली. १४ च्या गटासाठी नवीन मुलांची नावे घेत होतो. एक मुलगा सगळ्यांपेक्षा वीतभर उंच, खांदे भरलेले, आवाज फुटलेला. रजिस्टरला तारीख १ जून २०११. गटाची अट १ जानेवारी २०११ नंतरची, म्हणजे कागदावर तो आरामात बसत होता, आणि तो संघात असता तर १४ चा जिल्हा आमच्या खिशात होता. मी त्याच्या घरी गेलो. आई म्हणाली, “पोळाना दिन जनमना तो.” कोणत्या वर्षी ते तिला सांगता येईना, पण त्याच्या पाठची बहीण कधीची ते तिला नीट आठवत होते, तिचा दाखलाही होता. तिच्या वयावरून मागे मोजले तर पोळा २००९ चा निघत होता.

त्याचे नाव मी १७ च्या यादीत बाराव्या क्रमांकावर लिहिले.